बिल्ला पूजेत होता

अप्पा, खंडेनवमी आली की घरातले सगळे माझ्यापासून जरा लांबच राहतात. सून कात्री, लॅपटॉप, नातवाची पुस्तकं पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत असते. तिला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. वय झालंच आहे, पण कारण ते नाही. कारण तुम्ही आहात.

डोंबिवलीत तेव्हा कुत्रा पाळायचा तर पालिकेचा पितळी बिल्ला त्याच्या पट्ट्याला अडकवावा लागायचा. बिल्ला असला तर कुत्रा घरचा, नसला तर बेवारशी, आणि बेवारशांना न्यायला गाडी यायची. नेलेलं कुत्रं परत आलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. म्हणून आपल्या तांबड्यासाठी तुम्ही दरवर्षी रजा टाकून नवा बिल्ला आणायचात. आई चिडवायची, पोरीच्या शाळेत कधी एवढ्या हौसेनं गेला नाहीत. तुम्ही हसायचात. मानपाड्याच्या कंपनीत फिटर म्हणून जन्म गेला तुमचा, नियम म्हणजे नियम. त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही पाने, पक्कड, आईची कात्री, माझी पुस्तकं पाटावर मांडलीत आणि मग तांबड्याच्या पट्ट्यातून बिल्ला सोडवलात. चिंच लावून लख्ख घासलात. हा आपलं दार राखतो, मग हे त्याचं हत्यार नाही का, म्हणालात. किती लाडानं केलंत हो ते! मलाही फार आवडलं. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही हे मला तोंडपाठ होतं, कारण त्यामुळेच अभ्यासाला सुट्टी मिळायची. तांबडा नेहमीसारखा खाली जिन्याशी जाऊन पडला.

दुपारी गल्ली एकदम गप्प झाली. एरवी कुत्र्यांच्या भुंकण्यानं डोकं उठायचं, तेव्हा एकाचाही आवाज नाही. तुमच्या नकळत तांबड्याला बोंबील घालणारी मासळीवाली खालून ओरडते, "गो पोरी, तुमचा कुत्रा आत घे, गाडी आयली!" मी गॅलरीत येते तर गाडी दारातच. सकाळी तिचीही पूजा झालेली. पुढे झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मागच्या जाळीत एकमेकांवर पडलेली कुत्री. हार घातलेली गाडी दिसली की अजून मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

मी पाटाकडे धावले. तुम्ही माझं मनगट धरलंत, रागानं नाही, अगदी हळू. उद्याशिवाय हात लावायचा नाही, मी खाली जाऊन सांगतो, माणसंच आहेत ती, असं म्हणालात आणि उतरलात. चिमट्यात तांबड्याची मान, तो तुमच्याकडे बघून शेपूट हलवतोय, आणि तुम्ही गाडीवरच्या माणसाला समजावताय की बिल्ला आहे, पूजेत आहे, आजचा दिवस समजून घ्या. त्यानं तुम्हाला चक्क हात जोडले.

"साहेब, पूजा आमची पण झाली. गळ्यात नाय तो बेवारशी. बिल्ला घेऊन या, आत्ता सोडतो."

वरून मी विचारलं, आणू का? तुम्ही मान वर केलीत आणि नाही म्हणून हलवलीत.

"उद्या आणतो," तुम्ही त्याला म्हणालात.

"उद्या दसरा, साहेब. हपीस बंद." आणि त्यानं जाळीचं दार लावलं.

दसऱ्याला पूजा उतरवल्याबरोबर तुम्ही बिल्ला खिशात घालून गेलात. कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. एकटेच परत आलात, चपला काढल्यात, हातपाय धुतलेत आणि आईला म्हणालात, जेवायला वाढ. बस्स. आईनं वाढलं. तुम्ही रडला असतात ना अप्पा, तर माझा राग तेव्हाच विरला असता. पुढे तुम्ही आजारी पडलात, मी उशाशी बसून तुमचे पाय चेपले, चमच्यानं पेज भरवली, पण तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. तुम्ही जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

हल्ली मी घोडबंदर रोडला मुलाकडे असते. मागच्या आठवड्यात नातवाच्या कुत्र्याला चिप बसवली, हरवला तर यंत्र फिरवून मालक कोण ते कळतं म्हणे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या कातडीखाली जाते. ती सोडवता येत नाही, घासता येत नाही. मला हायसं वाटलं. मग डॉक्टरीणबाईंनी नोंदणीसाठी मालकाचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं. फोन नंबर माझा, नाव तुमचं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? सुनेला कळलं तर म्हणेल, आई, आजच्या आज बदलून घ्या. मी बदलणार नाही. कुत्रा कधी सापडेनासा झाला, कुणी त्याला धरून नेलं, तर ते लोक तुमचंच नाव घेऊन विचारतील. आणि तेव्हा तरी तुम्ही ताबडतोब जाल, असं मला अजून वाटतं.