सुईनं रंगवलं

दार वाजतंय ते वाजू द्या, नोटरीसाहेब. लिहा.

मी, योसिना व्हर्हुल्स्ट, भरतकाम करणारी, राहणार अँटवर्प. अंथरुणाला खिळले असले तरी शुद्धीत आहे. कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव आणणारा अजून जिन्याखालीच आहे.

घर, भरतकामाच्या चौकटी आणि सगळ्या सुया माझी शिष्या मायकेन हिला. निळं रेशीम उन्हात ठेवू नये, हे तिला शंभरदा सांगितलंय, तरी लिहा.

भाऊ हुबर्ट, चित्रकार, याला वडिलांची खुर्ची. तिचा एक पाय डुगडुगतो. दुरुस्त करतो म्हणाला होता, त्याला वीस वर्षं झाली.

वेदीवरचं वस्त्र चर्चला. ते तिकडे पोचलं आहे. अस्तर लावायचं राहिलंय, ते मायकेननं उद्याच्या सणानंतर लावावं. अट एकच: कोपऱ्यातली सोनेरी अक्षरं उसवायची नाहीत. तिथे लॅटिनमध्ये 'योसिना पिंक्सित' आहे, म्हणजे 'योसिनानं रंगवलं'. चित्रकार आपल्या नावापुढे हेच लिहितात. हुबर्ट त्यांच्या संघाचा प्रमुख. त्याच्या मते हा शब्द कुंचल्याचा.

"योसी, दार उघड! उद्या सगळं गाव वेदीसमोर असेल. माझं हसं करणार आहेस?"

हुबर्टचं हे ओरडणंही लिहा. माझं उत्तरही लिहा: "तूच आधी हसून घे की, बाबा!"

"तू नुसतं हो म्हण. मी हलक्या हातानं उसवतो."

"तुझा हात हलका असता तर चित्रं तरी बरी झाली असती!"

फादर लॅम्बर्ट इथेच बसले आहेत. त्यांनी मला सांगितलं, जुने रोमन लोक भरतकामालाही 'सुईनं रंगवणं' म्हणत. उत्तरेकडचे लोक सुईनं अंग गोंदवून घेत, त्यांनाही ते याच शब्दानं 'रंगवलेले' म्हणत. तेव्हा हुबर्टच्या शब्दात सुई आधीपासून आहे. मी ती नव्यानं खुपसलेली नाही.

भावाला माफ करते. अक्षरांना हात लावला तर करत नाही.

सही: योसिना व्हर्हुल्स्ट
साक्षीदार: फादर लॅम्बर्ट आणि शेजारचा पाववाला कोर्नेलिस
अँटवर्प, २९ मे १६४१

नोटरीची नोंद: योसिनाबाई पहाटे वारल्या. सकाळी चर्चमध्ये वस्त्रावरची अक्षरं उसवलेली आढळली. मायकेननं वस्त्र पूर्वेच्या खिडकीसमोर धरलं. अक्षरांच्या जागी सुईनं पाडलेल्या भोकांतून ऊन आलं. फादर लॅम्बर्टनी दोन्ही शब्द मोठ्यानं वाचले. हुबर्ट पहिल्या रांगेत होते.