हसत्या नाकाचं माप

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही. आज दुपारी दोन पेशंटच्या मधे थोडा वेळ रिकामा मिळाला म्हणून लिहायला बसले आहे. आधीच सांगते, माफी मागायला बसलेले नाही. बीडमध्ये मी अजूनही लोकांची नाकंच करते आणि पुढेही करणार आहे. "सोनाराच्या पोरीनं नाकं कापायचं दुकान काढलं," असं गल्लीतले लोक तुमच्या तोंडावर म्हणायचे, आणि तुम्ही मान खाली घालून तार ओढत बसायचात. एकदा तरी मान वर करून "हो, काढलं, मग?" म्हणायला काय झालं होतं? तुमच्या त्या खाली घातलेल्या मानेचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नेकनूरचं आपलं दुकान मला लख्ख दिसतं. बाजाराचा दिवस आहे, बाया नथ करायला, पोरींची नाकं टोचायला आल्या आहेत, आणि तुम्ही काजळाची काडी हातात धरून समोरच्या बाईला विचारता, "काय गं माय, मालक अजून घोरतेत का?" बाई पदर तोंडाला लावून खुदकन हसते आणि तेवढ्यात तुम्ही तिच्या नाकपुडीवर काळा ठिपका देऊन मोकळे होता. मी विचारलं होतं, कावून हसवता हो सगळ्यांना? तुम्ही म्हणालात, "हसल्यावर नाक पसरतं बाई. गप बसल्या नाकाचं माप घेतलं तर जेवताना नथ व्हटावर येती." पातळ कातडीच्या नाकाला बारीक तार, जाड नाकाला फाकवलेला आकडा, बसक्या नाकाला नथीचा झोक जरा वर. एका बाईची नथ दुसरीला चालायची नाही, आणि कोणी "तिच्यासारखीच द्या" म्हणालं तर तुम्ही सरळ नाही म्हणायचात.

मग मी वेगळं काय करते, सांगा ना. पातळ कातडीच्या नाकावर मी हाड घासते तेव्हा जिवाला घोर लागतो, कारण आतली रेघभर चूकसुद्धा वर दिसते. जाड कातडीच्या नाकातून नुसतं कापत गेलं तर शेंड्याला गोळा उरतो, म्हणून तिथे उलट भर घालावी लागते, कधी नाकाच्या पडद्यातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कधी कानामागची. बाकदार नाकाचा बाक सगळा काढला तर तो माणूस स्वतःलाच परका वाटतो. हे मला पुस्तकांनी शिकवलं, पण त्याआधी तुमच्या दुकानात दिसलेलं होतं. तरी तुम्ही मला म्हणालात, "देवानं दिलेल्या नाकाला हात लावायचा तुला काय हक?" आणि तुम्ही हयातभर सुई घेऊन काय करत होतात?

त्याहून जुना राग वेगळा आहे. मी शिकत होते तेव्हा मला बघायला पाहुणे आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात पोचते आहे आणि आतून तुमचा आवाज येतो, "नाक जरा बसकं हाय, पण लई शिकलेली हाय." पाहुण्यांनी काही विचारलंही नव्हतं! माझ्या नाकाबद्दल आधी बोललात ते तुम्हीच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पाठीमागे असं बोलणारं कोणीतरी घरातलंच असतं, अण्णा. त्या मुलीला "देवानं दिलंय, राहू दे" म्हणणं फार सोपं आहे. माझं नाक मी मात्र तसंच ठेवलं आहे, बसकं, तुमच्यासारखं. कोणासाठी बदलायचं नाही हे मी ठरवलं, आणि ज्यांना बदलायचं आहे त्यांनाही ठरवू देते.

आता ती लिंबागणेशची मुलगी. लग्न चार महिन्यांवर होतं, मी नवी होते आणि हात शिवशिवत होते. तिचं नाक मी छान केलं, आजही म्हणेन. पण डाव्या नाकपुडीवरचं भोक वर्षानुवर्षं ओढून लांबट झालं होतं. मला तो डाग वाटला आणि टेबलावर असतानाच मी तो कापून शिवून टाकला. तिला विचारलं नाही. सोनाराच्या पोरीला लग्नातली नथ आठवली नाही! लग्नाआधी तिची आई तुमच्याकडे नथ बसवून घ्यायला आली, तेव्हा टाक्याचा व्रण अजून कच्चा होता, नव्यानं टोचणं शक्य नव्हतं. चापाच्या नथीला तुम्ही जन्मभर नाटकातली नथ म्हणून हिणवलंत, आणि तिच्यासाठी तीच केलीत. "मांडवात कुणाला कळलं न्हाई डाक्टरीणबाई," असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. पण तुम्ही त्याआधी मला फोन केला होतात. एक प्रश्न विचारलात, मी उत्तर दिलं, ते शेवटी लिहिते. मग म्हणालात, "नाक बगितलंस बाई, पोरगी न्हाई बगितली." मी फोन आपटला.

आज सकाळी उमापूरहून एक मुलगी आली होती, आईबरोबर. आईबाप ऊसतोडीला जातात, ही शिकून नोकरीला लागली आहे. मोबाईलमध्ये कुठल्याशा नटीचा फोटो. "असंच पायजे मॅडम." मी म्हटलं, असं होणार नाही, तुझी कातडी जाड आहे, तुझ्या नाकातून तुझंच नाक जरा उठावाचं निघेल. ती हिरमुसली, मग आरशात बघून म्हणाली, "चालंल, माझंच करा." मी पेन हातात घेतलं आणि विचारलं, घरात सगळ्यात मोठ्यानं कोण घोरतं गं? तिनं आईकडे बघितलं, दोघी फसकन हसल्या आणि मी खूण केली. मग तिच्या नाकपुडीवरच्या भोकावर बोट ठेवून विचारलं, हे ठेवायचं की बुजवायचं? आई लगेच म्हणाली, "ठिवा, लग्नात नथ लागंल." मुलगी म्हणाली, "तू गप. मॅडम, भोक राहू द्या. नथ घालायची का न्हाई ते मी बगीन." मी तसं कागदावर लिहून घेतलं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या दुकानात आता मोबाईल दुरुस्त होतात. टेबलाच्या खणात तुमची काजळाची डबी आहे, तिच्याखाली ठेवून देईन. बाकी कशावरही मी माघार घेत नाही. फक्त तो फोन. तुम्ही विचारलं होतंत, "त्या पोरीच्या नाकाला आदी भोक व्हतं का गं?" मी म्हणाले, नव्हतं. तुम्ही "बरं" म्हणालात. अण्णा, भोक होतं, मी पाहिलं होतं. आणि ते टोचणारे तुम्हीच होतात, हेही मला तेव्हाच माहीत होतं.