डावीकडची खांड

शनि. ४ जाने. ९७
पेणच्या कॉम्प्युटर क्लासची फ्लॉपी दुपारच्या एस.टी.ने आली. सात लेव्हल. पडद्यावरच्या बंड्याला पळवत दारापर्यंत न्यायच्या गेमचं हे खूळ मीच काढलं. लेव्हल एडिटरवर आपापली लेव्हल बनवा, रोह्याच्या मॅडम खेळून शेरा देतील, शेरा दोन्ही क्लासच्या बोर्डावर लागेल. आता भोगा, मॅडम.
सहा झाल्या. चार पास. एकाने बंड्याच्या डोक्यावर नुसते धोंडेच पाडलेत, कोणावर राग आहे कोण जाणे.
सातवी राहिली. नाव ‘म्हात्रे, पेण’ एवढंच. बंड्या उभा, उजवीकडे नाणीच नाणी, पार टोकाला दार. निघाला की मागून पाणी. बुडाला. पुन्हा बुडाला.

रवि. ५
सुट्टी असून क्लास उघडला. चौतीस वेळा बुडवला मेल्याला. डोकं उठलं. शेरा: “दार गाठणं अशक्य. बनवणाऱ्याने आधी स्वतः खेळून पाहावं. नापास.” उद्या सकाळच्या गाडीने जाईल.

गुरु. ९
पेणहून प्रकाशचा फोन. तिकडचा क्लास तोच चालवतो. आधी नुसतं हं, हं. मग म्हणाला, “मॅडम, ते म्हात्रे म्हणजे माझे बाबा.”
मी समजत होते, असेल कोणीतरी अकरावीतला.
सहासष्ट वर्षांचे. जन्म मिठागरावर गेला. दुपारी क्लास रिकामा असतो तेव्हा येऊन बसायचे, माऊस धरायलाच दोन महिने लागले. बोर्डावर शेरा वाचला, चष्मा खिशात घातला, घरी गेले ते आलेच नाहीत.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालंच, “पण लेव्हल खरंच अशक्य आहे रे.” ही माझी जीभ!
प्र. म्हणाला, “बाबा एवढंच बोलले, खांड पडली का पयली खांड बुजवाची. ती पोरगी पैशापाठी धावली आसल.”
खांड म्हणजे? म्हणे बांध फुटून खाडीचं पाणी आत घुसतं ते भगदाड. मी रोह्याजवळच्या वरसे गावची, आमच्या शेताला खाडी कुठली?

शुक्र. १०
डावीकडे गेले. या गेममध्ये डावीकडे कोण जातं? सगळं जग उजवीकडे पळतं. तिथे फुटका बांध, शेजारी चार पेट्या. ढकलल्या.
पाणी थांबलं. थांबलं!! मग सावकाश सगळी नाणी गोळा केली, दार गाठलं. रडूच आलं. बॅचच्या मुली बघत होत्या, बघू देत.
नवा शेरा: “पास. चूक माझी. मी डावीकडे पाहिलंच नाही.” संध्याकाळच्या गाडीने पाठवला.

बुध. १५
मीच फोन केला. शेरा बोर्डावर लावलाय. प्र.ने घरी जाऊन वाचून दाखवला. बाबा “बरं” म्हणाले. आले मात्र नाहीत.
आणि मग त्याने ते सांगितलं. बाबा मुकादम होते तेव्हा एकदा भर भरतीत बांधाला खांड पडली. हातभरच होती. बाबांनी माणसं आधी मिठाच्या राशी हलवायला लावली, खांड काय, मागनं बुजवू. मागनं गेले तोवर तिच्यातून होडी जाईल एवढी झाली होती. मिठागर गेलं. शेजारच्या तीन घरांची भातशेती खारी झाली ती आजतागायत. गावात त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. प्र. म्हणतो, बोलले असते तर बरं झालं असतं.
त्या माणसाला मी चारचौघांत लिहिलं, आधी स्वतः खेळून पाहावं. लाज वाटते.

शनि. १८
फ्लॉपी आली. पाच लेव्हल. म्हात्रे नाही.
शेरे लिहिले, सगळे गोड. एकालाही नापास करवलं नाही. हेही बरोबर नाही.

शनि. २५
फ्लॉपीच्या लेबलवर थरथरतं अक्षर. ‘म्हात्रे. दुसरी.’
प्र.ला फोन. “बाबा? नाय हो, मॅडम…” मग त्याला आठवलं, काल दुपारी बाबांनी त्याच्याकडून क्लासची किल्ली मागून नेली होती, फ्लॉपीही गाडीवर तेच देऊन आले होते!
लगेच खेळले. या वेळी सरळ डावीकडे. खांड चार पेट्यांची, पेट्या तीनच. तासभर डोकं खाजवलं. शेवटी दिसलं, लेव्हल दोघांची आहे. दुसरं बटण दाबलं की लाल टोपीचा आणखी एक बंड्या येतो. एकाने चौथ्या पेटीच्या जागी उभं राहायचं, दुसरा दाराशी पोचेस्तोवर हलायचं नाही. दोन्ही हातांनी दोघांना चालवून पाहिलं, दोघेही बुडाले.
मग बांधाच्याही पलीकडे, अगदी डाव्या कडेला गेले. विटा लावून अक्षरं काढलीत. ‘ये गो’.
शेरा लिहिलेला नाही. उद्या झेंडावंदन उरकलं की पेणची गाडी पकडते.
खांडीत कोणी उभं राहायचं, ते त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. मी म्हणेन, काका, मी राहते. ऐकतील असं वाटत नाही.