कलिंगड पाण्यात धरायचं का?

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो मिळाला. नाक बाबांवर गेलं आहे असं मी म्हणालो, तर बाबा म्हणाले की नाक गेलं तर जाऊ दे, मूतखडा माझ्यावर जाऊ नये म्हणजे मिळवली. तू हसशील. मला इथे हसू येत नाही.

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. ती तुझ्या बाळंतपणासाठी तिकडे आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बाबांना पुन्हा मूतखडा झाला. वर्षातला दुसरा. तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावून सांगितलं की दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. जूनमध्ये पुन्हा पोटाचा फोटो काढणार आणि तिसरा खडा दिसला तर क्रेन चालवण्याच्या दाखल्यावर सही करणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. सत्तावन्न मीटरवर कळ आली आणि हातातला दांडा सुटला, तर खालची माणसं जातील. पण बाबांना क्रेनवरून उतरवलं तर त्यांचं काय होईल हे तुला मी सांगायला नको. बावीस वर्षं ते वर बसून आले आहेत. घरातही ते खुर्चीत बसतात ते खाली बघितल्यासारखे.

मी रोज दीड लिटरची बाटली भरून देतो. संध्याकाळी ती जशीच्या तशी परत येते, फक्त कोमट झालेली. विचारलं तर हिशेब ऐकवतात. चहा चार कप धरायचा. दूध धरायचं. भाजीचा रस धरायचा. भात पाण्यातच शिजतो, म्हणून तोही धरायचा. परवा तर आंघोळ धरून साडेतीन लिटर झाले म्हणाले, कारण अंगात थोडं मुरतंच. मी चिडलो की मला इन्स्पेक्टर म्हणतात आणि सलाम ठोकतात.

मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. आमच्या कामात केसाएवढा फरक पडला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. मला अंदाजपंचे जमत नाही आणि नववीतून शाळा सुटल्यामुळे पुस्तकातलं मला फारसं ठाऊक नाही. तू दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं पथ्याची ताटं लावतेस. मला नीट लिहून कळव की काय पाण्यात धरायचं आणि काय नाही. तुझ्या हातचा कागद बाबांच्या तोंडावर धरता येईल.

बाळाला माझा गोड पापा. थोरल्या बहिणीची माया आहे, ती इकडे वळती करावी.

तुझा,
धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाळ आत्ता कुठे झोपलं आहे, तेव्हा पत्र धावतं आहे. आईला काही सांगितलं नाही. ती विचारते की तुझं पत्र आल्यापासून माझा चेहरा असा का. मी म्हटलं की झोप नाही.

आधी बाबांना आनंद होईल ते सांगते. चहा धरायचा. चहाने लघवी जास्त होते म्हणून तो मोजू नये असं लोक म्हणतात, पण दोन-तीन कपांनी तसं काही होत नाही. मात्र मूतखडा झालेल्याने दोन कपांवर थांबावं, ते वेगळ्या कारणासाठी. कॉफी, दूध, पातळ सूप, फळांचा रस, सगळं धरायचं. साखरेची बाटलीबंद पेयं मोजली जातात, पण देऊ नकोस. दारू धरायची नाही, आणि बाबा विचारतील म्हणून लिहिते, बिअरसुद्धा नाही.

आता खाणं. कलिंगड, काकडी, टोमॅटो यांत दहात नऊ भागांहून जास्त पाणी असतं. संत्र्यात थोडं कमी. शिजलेल्या भातातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेव्हा बाबा अगदीच थापा मारत नाहीत. पण डॉक्टर तीन लिटर म्हणतात ते पिण्याचे. माणूस जेवतो हे त्यांनी गृहीत धरलेलंच असतं. म्हणून फळं वरकमाई समजायची. आंघोळ धरायची नाही. बाबांना सांग की तुमच्या लेकीने हसून हसून बाळाला जागं केलं.

एक युक्ती सांगते. आमच्याकडे काही म्हातारी माणसं पाण्याचा पेला पाहिला की तोंड फिरवतात. त्यांना आम्ही पाणी खायला घालतो. सकाळी कलिंगड, मग काकडी, दुपारी पातळ सूप. त्यांना पत्ताही लागत नाही. डबा तूच भरतोस ना? मग पाण्याचं नाव काढू नकोस आणि वाद घालू नकोस. वाद घातलास की बाबांना चेव येतो, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.

स्वतःही वेळेवर जेव. तुझी काळजी करायलाही कुणी हवं, ते खातं माझ्याकडे असू दे.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती तीन दिवस चालली आणि चौथ्या दिवशी माझ्या तोंडावर आली.

मी सगळं वजन करून केलं होतं. बिया काढलेलं कलिंगड अर्धा किलो, काकड्या दोन, टोमॅटो तीन आणि थर्मासमध्ये दुधीचं पातळ सूप. पाण्याची बाटली मुद्दाम दिलीच नाही. तीन दिवस डबा चाटूनपुसून परत आला. बाबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले की इन्स्पेक्टरची बदली स्वयंपाकखात्यात झाली हे बरं झालं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी निस्तरलं.

मंगळवारी बाबा दुपारी दोनलाच घरी आले. अंगावर दुसऱ्याच कुणाची तरी ढगळ पॅन्ट होती. डबा ओट्यावर असा आपटला की झाकणाला पोचा आला. म्हणाले की यापुढे माझ्या डब्यात ओलं काही घालायचं नाही. कोरडी पोळी, कोरडी भाजी, बस्स. काय झालं विचारलं तर म्हणाले की चष्मे घासणाऱ्याने चष्मे घासावेत. खिशातून मुकादमाचा कागद पडला तो मी वाचला. परवानगी न घेता क्रेन सोडून खाली आल्याबद्दल आणि चाळीस मिनिटं काम बंद पाडल्याबद्दल लेखी ताकीद. असे दोन कागद झाले की कामावरून कमी करतात.

आता तू मला सांग. पाणी द्यावं तर पीत नाहीत. खायला द्यावं तर डबा आपटतात. वर कामावर मनाला येईल तसं उतरून येतात. त्या दिवसापासून सकाळचा चहासुद्धा अर्धा टाकतात. काल लघवीला गेले तेव्हा भिंतीला धरून उभे होते, मी पाहिलं. मी रात्रंदिवस यांच्या किडनीची काळजी करायची आणि यांनी मला धाकदपटशा दाखवायचा! मला इतका वीट आला आहे की काल माझ्या हातून कारखान्यात दोन काचा फुटल्या.

मी ठरवलं आहे. डॉक्टरांना सरळ लिहून देतो की रुग्ण ऐकत नाही, पाणी पीत नाही, खोटं बोलतो. मग ते सही न करोत. खाली तरी राहतील. चिडले तरी जिवंत राहतील.

रागात लिहिलं आहे. तरी तुझा राग माझ्यावर नसावा.

तुझा,
धाकटा


ता. २१ मार्च

चि. सौ. मोठीस,
अनेक आशीर्वाद. बाळालाही.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तरी लिहितो, कारण इन्स्पेक्टरने तुला माझी तक्रार केलेली असणार आणि त्या डब्यामागचं डोकं तुझंच आहे हे मी ओळखलं. अर्धा किलो कलिंगडाची कल्पना त्याला एकट्याला सुचणार नाही.

तू दवाखान्यात काम करतेस, म्हणून तुला सांगायला लाज कमी वाटते. मी सकाळी सातला वर चढतो आणि एकला उतरतो. उतरायला बारा मिनिटं लागतात, चढायला वीस. गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत. तेवढा वेळ खालची सगळी माणसं हात बांधून उभी राहतात आणि मुकादम वॉकीटॉकीवर कोकलत राहतो. म्हणून मी सकाळपासून काही पीत नाही. बावीस वर्षं असंच चाललं आहे. तरुण पोरं वर रिकामी बाटली नेतात. माझी केबिन तिन्ही बाजूंनी काचेची आहे आणि समोरच्या इमारतीत तुझ्या वयाच्या मुली टेबलाशी बसतात. ते माझ्याने होत नाही.

तुमचा तो डबा वर बसून खाल्ला, तरी तीन दिवस कसंबसं निभावलं, पण मंगळवारी अकराला पोट फुटायला आलं. आकड्याला खिडक्यांच्या चौकटी लटकत होत्या, वारा होता, नवव्या मजल्यावर चार माणसं त्या धरायला हात वर करून उभी होती. लटकता माल सोडून उठता येत नाही. चौकटी नीट टेकवल्या. चारही माणसं बाजूला झालेली पाहिली. मग माझा धीर सुटला. एवढंच लिहितो.

कारण सांगितलं असतं तर मुकादमाने कागद फाडला असता. पण ते सांगण्यापेक्षा कागद परवडला.

पोराला यातलं काही कळवू नकोस. तो जीव टाकतो माझ्यावर, मला दिसत नाही असं नाही. पण बापाची ही गोष्ट मुलाने ऐकायची नसते. आईला माझं सगळं ठीक आहे म्हणून सांग. सुखी राहा, आणि म्हाताऱ्यावर रुसू नकोस.

बाबा


ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र सोबत घातलं आहे. त्यांनी तुला कळवू नकोस असं लिहिलं आहे आणि मी कळवते आहे. त्याचं पाप माझ्या माथी. आधी ते पत्र वाच आणि मग हे.

वाचलंस? मी दिवसभर रडते आहे आणि आई समजते की दूध येत नाही म्हणून. पोटात काय काय जातं ते आपण दोघांनी थेंबाथेंबाने मोजलं. ते बाहेर कुठे जाणार हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी तर रोज ताटाबरोबर लघवीचं भांडं कुणाकडे गेलं हे बघणारी बाई. मला तरी सुचायला हवं होतं.

डॉक्टरांना ते पत्र देऊ नकोस. दिलं असलंस तर आजच्या आज जाऊन काय खरं ते सांग. बाबांपाशी मात्र जपून. ओरडू नकोस, आणि दयाही दाखवू नकोस. दया त्यांना जास्त लागेल.

तुझ्याइतकीच चुकलेली,
ताई


ता. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मी एकवीस तारखेलाच दवाखान्याच्या खिडकीत देऊन बसलो होतो. तुझं पत्र मिळालं तेव्हा जेवणाची सुट्टी होती, तसाच पळत गेलो. डॉक्टरांनी माझं पत्र वाचलेलं होतं आणि फाइलला टाचलेलंही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कान इतके तापले की शेवटची वाक्यं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोललो. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले की वर्षभर या माणसाला काय खाता, काय पिता हे विचारतो आहे, शिडी किती उंच आहे हे विचारलं नाही. माझं पत्र काढून मला परत दिलं आणि एका कागदावर लिहून सही केली की औषधोपचाराचा भाग म्हणून यांना दर दोन तासांनी खाली उतरू देणं आवश्यक आहे.

कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला हे कुणी सांगितलं एवढंच विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं का हे अजून मला कळत नाही. बाबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि झोपायला गेले.

त्यानंतर नऊ दिवस ते मला अहो-जाहो करत होते. अहो, मीठ द्या. अहो, दिवा घालवा. याच्याऐवजी एक थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. कागद मुकादमाला दिला की फाडला, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी बाबा घरी आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसायचं. आता तर मला मोजायलाही काही उरलं नव्हतं. मला वाटलं की मी यांची किडनीही घालवली आणि बापही.

काल सुट्टी होती. सकाळी म्हणाले की अहो इन्स्पेक्टर, चपला नकोत, बूट घाला. मला साइटवर घेऊन गेले. पहारेकरी ओळखीचा, त्याने फाटक उघडलं. बाबांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला, त्याची कडी कुठे अडकवायची ते दाखवलं आणि चढा म्हणाले. मी का म्हणून विचारलं नाही. पहिल्या टप्प्यापर्यंत ठीक होतं. दुसऱ्यावर वारा लागला. तिसऱ्यावर मी खाली बघितलं, आणि ताई, तुला म्हणून सांगतो, मला भीतीने लघवीला लागली. अशी लागली की पाय हलेना. पायरी सोडावी तर धीर नाही आणि थांबावं तर सोय नाही. कसा उतरलो ते मला विचारू नकोस. बाबा खाली हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी फक्त सिमेंटच्या गोदामाच्या मागे हात केला.

मी धावलो. संडास गोदामाच्या पार पलीकडे, आणि दाराला हे एवढं कुलूप! किल्ली मुकादमाच्या कचेरीत असते आणि कचेरी बंद. म्हणजे ती बारा मिनिटं नुसती शिडीची. पुढे ही एवढी चाल, मग कचेरी, मग किल्ली मागायची, तीही सगळ्यांसमोर. मी कुलूप हातात धरून लहान मुलासारखा नाचत होतो आणि बाबा सावकाश, एकेक पाऊल टाकत येत होते. मला रडू आलं. जवळ येऊन त्यांनी खिशात हात घातला आणि एक कोरी करकरीत किल्ली काढली.

डॉक्टरांचा कागद मुकादमाला दाखवल्यापासून, म्हणजे गेल्या सोमवारपासून, ती त्यांच्याकडे आहे. कुलूप उघडताना ते म्हणाले की पळ लवकर, गाढवा.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा