मला डाग द्यायचा की नाही

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा,
मंगळवार, भर दुपार

आपल्याला तीर्थरूप लिहावं तर आपण वयानं माझ्याहून धाकटे, चिरंजीव लिहावं तर नात्यानं थोरले (मोठ्या बहिणीचे यजमान ते मोठेच, असं आमच्याकडे बजावून सांगितलं जातं), म्हणून दोन्ही टाळून नुसतेच आदरणीय साडभाऊ गजेंद्रराव यांना लक्ष्मीकांतचा हात जोडून नमस्कार. सोनाळ्यात आपण, सौ. कोकिळाताई आणि आपला संत्र्याचा आंबिया बहार सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. ताईंचे गुडघे कसे आहेत? थंडी सुरू झाली आहे, त्यांना सकाळी पाण्यात काम करू देऊ नका. इकडे सर्व क्षेम आहे असं यापुढे लिहायची रीत असते. मी लिहीत नाही. जन्मभर हायस्कुलात हेडक्लार्क होतो, खोट्या मजकुराखाली सही करायची नाही ही सवय लागली आहे.

फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. कारण आपला फोन ताई उचलतात आणि माझा फोन प्रतिमा स्पीकरवर टाकते. दोघी बहिणी मग आपापसात बोलतात आणि आपण दोघं दोन गावांत आपापल्या खाटेवर बसून ऐकतो. असे तीन फोन आपले झाले. त्यांत आपल्या तोंडून मला 'मस्त हाय' एवढंच ऐकू आलं.

तर, माझं हृदय. यंदा पंधरा ऑगस्टला शाळेनं मला, सेवानिवृत्त म्हणून, पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. ध्वज वर गेला, मी सावधान उभा राहिलो आणि पोत्यात कोंबडी घालून तोंड बांधावं तशी छातीत फडफड सुरू झाली. राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायचं नाही म्हणून हललो नाही. संपल्यावर सगळे बसले, मी मात्र आडवा झालो. जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, ठोक्यांत अनियमितता आहे. साडभाऊ, हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेमोंत लिहिला! उशिरा येणारे मास्तर, न सांगता गैरहजर राहणारे शिपाई, सगळ्यांना मी त्या शब्दानं सरळ केलं. आता माझंच हृदय वाटेल तेव्हा हजर होतं, वाटेल तेव्हा दोन ठोके दांडी मारतं आणि त्याला मेमो द्यायची सोय नाही.

तीन महिने गोळ्या झाल्या. फडफड थांबेना. बालाजीच्या देवळात जायचं तर वाटेत दोन दुकानांत बसावं लागतं (दोन्ही दुकानदार आता मला पाहून स्टूल पुढे करतात आणि तब्येत विचारतात, त्यामुळे मी देवळात जायचंच सोडलं). शेवटी डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागत नाही, ॲब्लेशन करू. म्हणजे काय ते प्रतिमाला समजेना. डॉक्टर आपल्याच भागातले, शेतकऱ्याच्या घरचे, भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, की मांडीतून शिरेवाटे तार हृदयात न्यायची, जिथून चुकीचे ठोके निघतात तिथे आतून बारीक बारीक डाग द्यायचे, बैलाच्या सुजेला देतात ना तसे. संभाजीनगरला गुरुवारची वेळ मिळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र त्यानंतरही सोडायच्या नाहीत, कारण असल्या हृदयात गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. ओवीनं पुण्याहून मोबाइलवर बरीच माहिती पाठवली. तिच्यात लिहिलं आहे, की दहातल्या सात जणांना या उपायानं बरं वाटतं. पोरीला वाटलं बाबांना धीर येईल. पण मी आयुष्यात कधी त्या सातांत नव्हतो. बदलीच्या यादीत, प्लॉटच्या सोडतीत, रेशनच्या साखरेत मी नेहमी उरलेल्या तिघांत. मी रात्रंदिवस त्या तिघांचाच विचार करत असतो, बिचारे कोण असतील, कुठले असतील.

आपल्यालाही हेच केलं, पण आपल्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी 'तार घालू' म्हटलं. आपण तार घालून आलात, घरी चहा प्यालात, कुठे काही झालं नाही. माझ्या नशिबी 'डाग' हा शब्द आला.

घरी येताच प्रतिमानं आपल्या दोघांच्या सामाईक मेव्हण्याला, म्हणजे धामणगाव बढ्याच्या ज्ञानेश्वरला फोन लावला. तिकडे त्याच्या वखारीत करवत चालू. ती म्हणाली, "दादा, यायले डाग द्याचा हाये, गुरुवारी म्हणत होते पन आता पाहू." पलीकडून करवतीचा आवाज. मग ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं, आता गोळ्यायत काही राह्यलं नाही." आणि रडली. (ती रडली हे मला नंतर कळलं. मी तेव्हा कढी गरम करत होतो.) आता साडभाऊ, आपल्याकडे माणसाला डाग देतात तो कधी देतात? एकदाच देतात, सरणावर. गुरुवारचं ऐकून ज्ञानेश्वरला वाटलं, कोणी पुण्याहून यायचं असेल म्हणून थांबवून ठेवलंय. त्यानं तेवढ्या वेळात करवत बंद केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी एका गालाची दाढी करून दुसऱ्याला साबण लावत होतो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी क्रूझर थांबली आणि एकदम रडण्याचा गलका उठला. मला वाटलं शेजारी कोणी गेलं. कोण गेलं ते बघावं म्हणून मी तसाच, अर्धा साबण, टॉवेल खांद्यावर, दार उघडून बाहेर आलो. पुढे ज्ञानेश्वर, त्याच्या हातात कोरं मडकं (देऊळगावात ऐन वेळी मिळत नाही असा त्याचा अंदाज. माणूस व्यवहारी आहे, हे मी नेहमीच म्हणतो). मागे सगळं धामणगाव. मला पाहून पुरुष जागीच थांबले. चुलतसासू रुक्मिणीबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांचं डोक्यावर पदर घेऊन गुणवर्णन अर्ध्यावर आलं होतं आणि त्या काही अर्धं सोडणाऱ्यांतल्या नाहीत. मी समोर उभा असताना त्यांनी माझा मनमिळाऊ स्वभाव, माझं अक्षर आणि लग्नात मी हुंड्याला नाही म्हटलं होतं, हे सगळं सुरात म्हणून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अवो जावाई, तुम्ही तं जित्ते हा!" आणि पाणी मागितलं. मला खरं सांगायचं तर मधेच थांबवावंसं वाटलं नाही. एवढं चांगलं माझ्याबद्दल यापूर्वी कोणी बोललं नव्हतं.

मग सुतक आहे की नाही यावर खल झाला. मौतीला निघालेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरी परतत नाही, पण मौतच झाली नाही तर आंघोळ कशाची? शेवटी निम्म्यांनी केली आणि नळाला आठवड्यानं येणारं माझं पाणी संपलं. एवढ्यात शेजारच्या शेखरच्या बायकोनं, काजलनं, रडणं ऐकून रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी करून आणली. नासवायची कशी, म्हणून पंगत बसली. मीही बसलो. स्वतःच्या मौतीचं पिठलं मी स्वतः खाल्लं, साडभाऊ, आणि तिखट जरा कमी होतं.

जेवणानंतर रुक्मिणीबाईंनी निकाल दिला. "कावळा मानसाच्या डोक्याले शिवला का आपनच खोटा सांगावा धाडतो का नाही पावन्यायले? का बा, मानूस मेला म्हनून. अन् पावने रडले का मरन टळते. इथं तं कावळ्याबिगर सारं झालं. टळलं यायचं. आता काऊन जाता डाग घ्याले?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आपल्याला म्हणून सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की मी चटकन त्यांच्या पाया पडलो. मी विज्ञानाच्या शिक्षकांची बिलं काढलेला माणूस आहे, कावळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण टळलं हा शब्द डॉक्टर तीन महिन्यांत एकदाही बोलले नव्हते.

मंडळी गेल्यावर प्रतिमा मोरीपाशी बसून राहिली. मला वाटलं दमली असेल. ती म्हणाली, "म्या माह्या तोंडानं डाग म्हटलं अन् सारे रडत आले. आता माह्या हातानं दवाखान्याच्या त्या संमतीच्या कागदावर सही नाही करत मी. तुम्हाले काही झालं तं मीच डाग देल्ला असं होईन." मी बोललो, ओवी फोनवर बोलली, डॉक्टरही बोलले. ती ऐकत नाही. पहिल्यासारखी बोलतही नाही. दुपारी मी डोळे मिटले की माझ्या मनगटावर हात ठेवून बसते, आणि ठोका चुकला की तिचा हात दचकतो. तो दचकला की मी दचकतो आणि माझा आणखी एक चुकतो. असं आमचं चाललंय.

तो गुरुवार आला आणि गेला. मी घरीच होतो. सगळ्या बाजूंनी विचार केला तर हेच बरं झालं, असं मला वाटतं. वय झालं, फडफड तर फडफड, स्टुलावर बसत बसत का होईना माणूस देवळापर्यंत पोचेल. तारा आणि डाग हे आपल्यासारख्या काटक माणसांसाठी आहे, आपण शेतात राबलेले. माझं हृदय फाइलींच्या धुळीवर वाढलेलं, ते आतून भाजून घेण्याच्या लायकीचं नाही. तेव्हा निर्णय पक्का आहे. करायचं नाही. आपण काळजी करू नये, आणि मुद्दाम भेटायला येण्याची तर मुळीच तसदी घेऊ नये, संत्र्याची तोड अंगावर असताना. आपले आशीर्वाद (वयानं नाही, नात्यानं) असू द्यावेत. मोठ्यांना नमस्कार, लहान कोणी असतील तर त्यांना गोड पापा.

आपला,
जित्ता
लक्ष्मीकांत

ता. क. हे पत्र ताईंच्या हाती पडू देऊ नका. पडलंच तर वरचं सगळं त्यांना वाचून दाखवा आणि इथे थांबा.

दुसरा ता. क. गजेंद्रराव, वरचा निर्णय पक्का नाही. टळलं म्हटल्यावर मी गोळ्याही सोडल्या होत्या. सगळ्याच. रक्त पातळ करायचीसुद्धा, सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं ती. एवढे रडून गेले म्हटल्यावर आता गोळी कशाला, असं मला खरोखर वाटलं. परवा दुपारी जेवायला बसलो होतो. प्रतिमा अंगणात गहू निवडत होती. मला दही हवं होतं, म्हणून तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिचं नाव आलं नाही. नाव माहीत होतं हो, समोर बसलेली दिसत होती. जीभ वळेना. उजव्या हातातला घास ताटात पडला. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मग आपोआप सुटलं आणि मी 'दही' म्हणालो. तिनं दही आणून दिलं. तिला काही कळलेलं नाही.

काल, हयातीच्या दाखल्याचं बँकेचं काम आहे म्हणून सांगून एकटा जालन्याला गेलो. डॉक्टर खुर्चीतून उठून ओरडले. डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, लकवा या खेपेला नुसतं दार वाजवून गेला, आणि असं झाल्याबरोबर तिथल्या तिथे दवाखाना गाठायचा असतो, दही खात बसायचं नसतं. महिनाभर एक गोळी न चुकवता घ्यायची, मग पुढच्या महिन्यात डाग. मी हो म्हणून आलो. गोळी घेतोय.

तिसरा ता. क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आपण या. तोड झाली की लगेच या. प्रतिमाच्या समोर बसून तिला सांगा, की तुम्हाला आतून डाग देल्ला आणि तुम्ही उठून बसलात. 'मस्त हाय' म्हणू नका, त्यावर तिचा विश्वास नाही आणि माझाही नाही. भीती वाटली होती का ते खरं सांगा, तिला आणि मलाही, कारण फोनवर मला ते विचारता आलं नाही. तिच्याकडून सही घ्या. परवाच्या दुपारचं मात्र तिला सांगू नका, ते मी सांगेन, सही झाल्यावर. टेबलावर मरायची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ती समोर असावी आणि तिला हाक मारता येऊ नये, असं मला आणखी एकदा जगायचं नाही.

आपण आलात की मी दारातच कपाळाला आठ्या घालून म्हणेन, कशाला आलात एवढ्या लांब. तिकडे लक्ष देऊ नका. आत या.