भाव उतरला की कळवा

प्रिय प्रणाली,

तू अकोल्याला परत गेल्यापासून तुझ्या बाबांचा फोन मीच वापरते. हवामान पाहते, बातम्या वाचते. मागच्या महिन्यात त्यात एक नवल दिसलं. पावसाच्या अंदाजाखाली एका दिव्याचं चित्र. बगळ्यासारखी लांब मान, खाली पुस्तकाला लावायचा चिमटा. बातम्या उघडल्या, तिथंही तोच. कापसाच्या भावाच्या पानावरही तोच. मी तर काही मागितलं नव्हतं.

वलगावात मोबाइलच्या दुकानातल्या शाहनवाजला दाखवलं. तो म्हणाला, "काकू, एका दुकानाच्या साइटवर तुमी काय शोधलं, ते ती दुसऱ्या साइटीले सांगून देते. मंग ते तुमच्या मागं मागं फिरते." म्हणजे आपल्या शेजारच्या आशाबाईसारखंच की! एका घरी विचारलेलं चार घरी पोचतं.

मला खरं वाटेना. म्हणून एका साइटवर पितळी खलबत्ता शोधून पाहिला. दुसऱ्या दिवशी हवामानाच्या पानावर खलबत्ता हजर. मग मुद्दाम घोड्याचा लगाम शोधला. तोही आला! पुष्कळ दिवसांनी मी एकटीच हसले.

पण दिवा मी शोधला नव्हता. तूही नाही, तुझ्याकडे तुझा फोन आहे.

किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षरं शिकले, तेव्हापासून बाबा चिडवायचे, "एवढं वाचून तहसीलदारीन होतं काय वं?" लाइट गेली की मी चुलीच्या उजेडात पुस्तक धरायची, तर ओरडायचे, "डोये फोडून घेशीन!" त्या माणसानं माझ्यासाठी दिवा शोधला असेल, हे मनात यायलाच मला आठ दिवस लागले.

बाबा दुपारी मोटरचा पाइप काढायला विहिरीत उतरले आणि गेले, असं आपण सगळ्यांना सांगितलं. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे शेतात माणूस गेला की लोक एकच कारण धरतात. पेपरवालाही तेच विचारून गेला. तेरवीच्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तू हळूच विचारलंस, त्या दिवशी सकाळी बाबा गप्प गप्प होते का. मी तव्याकडे पाहत राहिले. तुझ्यावर रागावले नव्हते, पोरी. तोच प्रश्न मलाही रोज पडत होता, आणि ती सकाळ काही केल्या आठवत नव्हती.

काल शाहनवाजनं फोनवर त्या दिव्याच्या दुकानाचं पान उघडून दिलं. बाबांनी दिवा निवडून ठेवला होता. त्याखाली एका ओळीवर खूण केलेली: भाव उतरला की कळवा. शेजारी तारीख, बाबा गेले त्याच दिवसाची. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मी तिथंच स्टुलावर बसले. दुपारी जायचं ठरवलेला माणूस सकाळी दिव्याचा भाव उतरायची वाट पाहत नाही. तू विचारलं होतंस, म्हणून हे पत्र.

तुझीच,
अजून वाचत बसणारी आई