८४३ नंबरची उपरणी

सोलापूर,
सोमवार, ता. ४ जून १९३४

प्रिय रामहरी यास,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुझी, तुझ्या मामांची आणि बार्शीच्या बाजाराची खुशाली कळव. पावसाचं चिन्ह नाही, उकाडा मात्र असा की घागरीतलं पाणीसुद्धा गरम लागतं. एवढी रीत झाली. आता मुद्द्याचं लिहितो.

दोन-चार दिवसांत तुझ्या नावाने एक पार्सल येईल. आमच्या अप्पांनी पाठवलेलं. ते तू स्वतः सोड, मामांच्या हाती पडू देऊ नकोस. आत एक उपरणं आहे. त्याच्या पदरावर लाल सुतात ८४३ हा आकडा विणलेला आहे. आकडा ओळखीचा वाटेल. वाटणारच, तो तुझा परीक्षेचा नंबर आहे.

सोबत अप्पांचं पत्र असेल. त्यात लिहिलेलं आहे की आमचा सिद्धाराम इंटरला सेकंड क्लासात पास झाला, त्याचा हा नंबर, तुम्ही त्याच्या खोलीत राहणारे म्हणून तुम्हांस ही आनंदाची भेट, आणि तुमचाही निकाल बरा लागला असावा अशी आशा आहे.

तर तू उलट टपाली एवढंच लिही की उपरणं पोचलं, आभारी आहे. पुढे हूं की चूं करू नकोस. आपलं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. म्हणजे मीच बंद केलंय. पण हे काम बोलायचं नाही, गप्प बसायचं आहे, आणि ते आपल्याला सध्याच्या स्थितीतही जमण्यासारखं आहे.

झालं असं. एप्रिलात घरी आलो तेव्हा माझी कळा बघून अव्वाने उंबऱ्यावरच भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पांनी ट्रंक खाली ठेवू दिली नाही तोच विचारलं, "नंबर काय रं तुझा?" निकालाच्या वर्तमानपत्रात नुसते नंबर येतात, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. माझा नंबर सांगण्याची सोय नव्हती. का नव्हती ते विचारू नकोस. तोंडाला आला तो सांगितला. महिनाभर तू आंघोळीला जाता-येता "आठशे त्रेचाळीस, शंभो" असं पुटपुटत होतास. मग माझ्या तोंडाला दुसरं काय येणार?

मग माझ्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. झोप लागत नाही, अन्न गिळत नाही, छातीत धडधडतं, एवढंच मी सांगितलं. अव्वा म्हणाली नजर लागली. सिव्हिलमधले डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. केला. पूर्वी नुसता जागा असायचो, आता दमून जागा राहू लागलो. आमच्या समोरच्या माडीवर निंगप्पा वैद्य राहतात. त्यांनी डोळे मिटून नाडी बघितली आणि सांगितलं, "विद्येची उष्णता टाळूत चढलीया." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ माझ्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलं जातं. माझी उशी पिळली तर देवळातल्या समईची सोय होईल.

अशात निकाल आला. अप्पांनी दुकानात वर्तमानपत्र पसरून ओळीवर बोट ठेवत ठेवत ८४३ गाठला. सेकंड क्लास. तू हुशार आहेस हे मला ठाऊक होतं, पण मेल्या, थर्ड क्लासात पास झाला असतास तर काय बिघडलं असतं? पेढ्यांवर भागलं असतं.

अप्पांचा जन्म लुगड्यांच्या व्यापारात गेला. त्यांच्याकडे नंबराशिवाय ठाण कपाटात जात नाही. ते म्हणाले, "मालाला नंबर घालतोय की आपण. मग पोराचा नंबर कागदात कशाला कुजवायचा?" लगेच साखर पेठेत जाऊन नरसय्या विणकराच्या मागावर अकरा उपरणी लावली. एक मठातल्या स्वामींना, एक माझ्या शाळेच्या हेडमास्तरांना, एक निंगप्पांना, असं करत दहा वाटली. तुझा नंबर खांद्यावर टाकून सध्या आमच्या पेठेत दहा प्रतिष्ठित माणसं हिंडतात. अकरावं तुझं.

निंगप्पांनी तर माडीला पाटीच लावली: 'इंटर पास करणारे ब्राह्मी तेल'. मॅट्रिकची पोरं निथळत्या डोक्याने शाळेत जातात, आणि त्यांच्या आया मला लांबून बोटाने दाखवतात. लई पुण्य जोडतोय बघ मी.

एक गोष्ट उगीच लिहितो. उपरणी विणून होईपर्यंत अप्पांनी मला देखरेखीला नरसय्याकडे बसवलं होतं. माग खटक खटक चालू होता, मी भिंतीला टेकलो आणि मला झोप लागली. तीन तास. फेब्रुवारीपासून इतका कधी झोपलो नव्हतो. नरसय्याने उठवलं नाही. बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि तिने माझ्या डोक्याखाली सुताची लड सरकवली. जागा झालो तेव्हा लडीला तेल लागलं होतं. त्याने ती धुवायला टाकली.

वीस तारखेला कॉलेज उघडतं. ज्युनियर बी.ए.ला नाव घालायला अप्पा स्वतः माझ्याबरोबर पुण्याला यायचं म्हणतायत. त्याचं काय करायचं ते मी बघतो.

रेक्टरांकडे तू माझी चहाडी केलीस तो विषय या पत्रात नको. मी तुला तोंडावर जे बोललो, तेही नको.

तू गप्प राहशील या भरवशावर असलेला,
सिद्धाराम


सोलापूर,
शुक्रवार, ता. १५ जून १९३४

प्रिय रामहरी,

तुझं पाकीट पोचलं. निकालाच्या दिवशी तू मामांच्या अडतीवर ज्वारीची पोती शिवत होतास, घरात कुणी पास-नापास विचारलंही नाही, आणि पास झाल्याबद्दल तुला मिळालेली वस्तू म्हणजे हे एकच उपरणं, हे वाचून मी चार वेळा पत्र घडी करून ठेवलं आणि चार वेळा उघडलं. दोन वर्षं एका खोलीत राहिलो आणि तुझ्या घरी तुला कुणी काही विचारत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

खाली तू लिहिलंस, "पहिल्या पेपरापासून तू कुठं होतास? मी मागं वळून वळून बघत होतो, सुपरवायझरनी दोनदा दटावलं." म्हणजे माझ्यापायी तू कॉपी करणारा ठरत होतास, आणि वर सेकंड क्लास आणलास.

तर ऐक. त्या पहिल्या सकाळी मी हॉलच्या फाटकापर्यंत आलो होतो. टाक, दौत, टोपी, सगळं जागच्या जागी होतं. पाय तेवढे आत जाईनात. अभ्यास झाला नव्हता असंही नाही. पानंच्या पानं पाठ होती, पण त्या घडीला मला माझं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग मी चालत सुटलो तो संगमाच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. तिथं कशाला गेलो हे मला नीट सांगता येणार नाही, आणि येत असलं तरी लिहायचं नाही. तासाभराने एक म्हसरंवाला आला आणि म्हणाला, "मालक, बाजूला व्हा की, म्हशी बुजतात तुमास्नी." मी बाजूला झालो. एकदा हललो तेव्हा कळलं की हलता येतं. तसाच खोलीवर येऊन पडलो. पुढचे सगळे दिवस पेपराच्या वेळी मी शनिवारवाड्याच्या भिंतीला टेकून दाणे खात होतो, आणि तुझ्याशी बोलत नव्हतो, कारण बोललो असतो तर तू ओळखलं असतंस.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी अव्वा माझी ट्रंक भरत होती. ज्युनियर बी.ए.ची. नवे सदरे, लोणच्याची बरणी आणि निंगप्पांकडचं तीन बाटल्या तेल. ते बघवेना. उठलो आणि दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, अप्पा लुगड्यांच्या घड्या घालत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. नंबर, हॉल, पूल, दाणे.

अप्पांचे हात थांबले नाहीत. माझं सांगून झालं तरी ते घड्या घालतच होते. मला वाटलं, आता कापड मोजायचा गज उचलतात. त्यांनी विचारलं, "पुलावर किती येळ हुतास?"

म्हटलं, तासभर.

"आन् मी हितं त्या टायमाला कुणाला तरी काठ दावत बसलो असणार," ते म्हणाले, आणि घडी चुकली. चाळीस वर्षांत अप्पांची घडी चुकलेली मी ऐकलेली नाही. त्यांनी ती उलगडली, परत घातली, परत चुकली. मग लुगडं बाजूला ठेवून म्हणाले, "झोप येत न्हाय तर तार करायची की रं. मी मिळंल ती गाडी धरून आलो असतो. परीक्षा काय, दरसाल येती."

मी म्हणालो, पण दहा माणसांत तुमची अब्रू.

"नंबर चुकीचा पडला म्हणून ठाण कोण रस्त्यावर फेकतंय व्हय?" म्हणाले. मी रडलो, रामहरी. दुकानात, गादीवर, लिंबू रंगाच्या लुगड्यात तोंड खुपसून. ते लुगडं आता विकायचं नाही असं अव्वाने ठरवलंय.

उपरणी परत मागवतील असं मला वाटलं होतं. अप्पा दुसऱ्या दिवशी दहाही घरी स्वतः गेले. जाऊन सांगितलं, "नंबर आमच्या सिद्धूचा न्हाय. त्याचा मैतर हाय बार्शीचा, रामहरी, त्याचा हाय. पास त्यो झालाय. उपरणं ऱ्हाऊ द्या खांद्यावर." स्वामींनी विचारलं, मग आम्ही आशीर्वाद दिला तो कुणाला लागला? अप्पा म्हणाले, "ज्याचा नंबर, त्याला." हेडमास्तरांनी तुझे मार्क विचारलेत. निंगप्पांना तेवढा धक्का बसेल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "परीक्षेला बसला असता तर पासच हुता. तेलाचा काय दोष?" पाटी आहे तिथंच आहे.

यंदा मी इथंच राहतो. सकाळी दुकान, दुपारी पुस्तकं घेऊन नरसय्याच्या मागाशेजारी. वाचता वाचता झोप आली तर झोपतो, कुणी हटकत नाही. तेल बंद झालंय. मार्चात परीक्षेला बसेन म्हणतो. अप्पा म्हणतात ते हॉलच्या फाटकाशी येऊन बसणार. मी सांगून बघितलं की दुसऱ्यांचे वडील असे येत नाहीत. तर म्हणाले, "दुसऱ्यांचं मला नगं सांगू." तेव्हा ते येणार. छातीत अजून अधूनमधून धडधडतं. पण आता धडधडलं की सांगतो, आणि सांगितलं की अव्वा जेवायला वाढते. तिला दुसरा उपाय ठाऊक नाही. बऱ्याचदा लागू पडतो.

फेब्रुवारीत मी झोपत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून रडतो, हे तू रेक्टरांना जाऊन सांगितलंस. त्यांनी मला बोलावून थंड पाण्याने आंघोळ करायला सांगितली, आणि मी खोलीत येऊन तुला चहाडखोर म्हणालो. आणखी काय काय म्हणालो ते दोघांनाही पाठ आहे. एवढ्या मोठ्या हॉस्टेलात ते बघणारा तू एकटा होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून जास्त राग आला. ते सगळे शब्द मी परत घेतो.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पुण्याला येईन तेव्हा खोली एकच घेऊ, तुझी हरकत नसेल तर. आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजलेला दिसलो तर पुन्हा चहाडी कर. रेक्टरांकडे नको. सोलापूर, मंगळवार पेठ, शिवलिंगप्पा लुगडेवाले. तार कर. ते येतील.

तुझाच,
सिद्धाराम